गौरीचे हात

आषाढी एकादशीला आमचं स्वयंपाकघर नवऱ्याच्या ताब्यात असतं. वर्षातून दोनच दिवस त्याला स्वयंपाकाची हुक्की येते आणि दोन्ही एकादशीचेच. त्या सकाळी सासरे, म्हणजे नाना, बाहेर पेपर वाचत बसले होते, साबुदाणा भिजला होता आणि नवरा रताळ्याच्या किसाची तयारी करत होता. मी चहाचा कप ठेवायला आत गेले, तर तो म्हणाला, ‘‘गांधी बाजारात हल्ली काहीही विकतात. हे रताळं बघ, बेचकीसारखं आहे.’’

त्याच्या हातात तपकिरी सालीचा, इंग्रजी व्हीच्या आकाराचा कंद होता. एक पाय सोलून झाला होता. आत पांढराशुभ्र. खिसणी परातीत आडवी ठेवलेली.

‘‘अरे, ते खायचं नाहीये! ते गौरीचं आहे!’’ मी ओरडले.

मला त्या क्षणी फक्त एवढंच वाईट वाटलं होतं, की आईने एवढ्या लांबून दिलेलं बेणं याने सोललं. ते विषारी आहे हे मला माहीत नव्हतं. ही गोष्ट आज कबूल करताना पोटात गोळा येतो, पण नव्हतंच माहीत. चिडून आईला फोन लावला आणि तक्रार केली. पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग आई अगदी सावकाश म्हणाली, ‘‘आधी त्याला हात धुवायला सांग. साबणाने. मग सुरी धू, परात धू, खिसणी धू. कोणी चाखलंबिखलं नाही ना?’’

कोणी चाखलं नव्हतं.

‘‘तू मला सांगितलं का नाहीस?’’

‘‘अगं, कळलावी आहे ती,’’ आई म्हणाली. ‘‘त्यात सांगायचं काय?’’

तिच्या दृष्टीने खरंच सांगण्यासारखं काही नव्हतं. देवरुखकडच्या आमच्या गावात कळलावी कोणी लावत नाही. ती पावसाळ्यात बांधावर, कुंपणात, गडग्यावर आपली आपण उगवते. भाद्रपदात पोरं जाऊन फुलं तोडून आणतात. कंदाला हात लावायचा नाही, हे कुणी कुणाला शिकवत नाही. जसं विस्तवात हात घालू नये हे शिकवत नाहीत तसं. आमच्या घरी गौर तेरड्याची. मुळांसकट उपटलेली तेरड्याची रोपं, ती मुळं म्हणजे तिची पावलं, वर मुखवटा, नेसवलेली साडी, आणि दोन्ही बाजूंना खोचलेली कळलावीची लालपिवळी फुलं. म्हणून आमच्याकडे त्या फुलांना कळलावी म्हणतच नाहीत, ‘गौरीचे हात’ म्हणतात. मी लहानपणापासून ऐकलं ते हेच नाव. आता सांगा, गौरीच्या हातात विष असेल असं कुणाच्या मनात येईल?

बेंगळुरूच्या बसवनगुडीत येऊन आम्हाला सहा वर्षं झाली. गांधी बाजारच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर आहे, खाली मालकीणबाई राहतात. त्यांना सगळी गल्ली अज्जी म्हणते म्हणून आम्हीही अज्जीच म्हणतो. गौरी-गणपतीच्या दिवसांत गांधी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. केळीचे खुंट, कमळं, केवडा, आंब्याचे टाळे, मातीचे गणपती आणि त्यांच्या शेजारी मातीच्या गौरीसुद्धा. सगळं मिळतं, गौरीचे हात मिळत नाहीत. मी दरवर्षी फुलवाल्यांना विचारायचे. मोडक्या कानडीत, हातवारे करून. कोणी मला जास्वंद दाखवायचं, कोणी लिली. म्हणून गेल्या मे महिन्यात आईकडे हट्ट धरला, आणि तिने बांधावरचे तीन कंद खणून वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. मी ते बेंगळुरूला आणून बटाट्या-रताळ्यांच्या टोपलीत ठेवले, नि विसरून गेले. माझ्या बागकामाची सुरुवात ही अशी.

त्या एकादशीला आम्ही कीस केला नाही. टोपलीतली खरी रताळीसुद्धा टाकून दिली, कारण कशाला काय लागलं असेल याची खात्री कोण देणार. आता टाकायची कुठे, हा वेगळाच घोळ. बेंगळुरूत ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. सोललेली कळलावी ओल्या कचऱ्यात टाकली आणि ती एखाद्या गाईच्या तोंडात गेली तर? नंदीच्या नावाच्या वस्तीत राहून असलं पाप कशाला घ्या. शेवटी साल, तो अर्धा सोललेला कंद आणि माझी अक्कल हे सगळं मी गच्चीवरच्या एका कुंडीत पुरलं. उरलेले दोन कंद त्याच दुपारी लावले.

लावायचे म्हणजे कसे? दोन्ही टोकं सारखीच दिसतात. वर कुठली बाजू, खाली कुठली? मी आधी एक कंद बेचकी धरावी तसा उभा खोचला. मग आईला व्हिडिओ कॉल केला. ती कपाळाला हात लावून म्हणाली, ‘‘आडवा घाल गं, आडवा. डोळा टोकाला असतो. प्रत्येक टोकाला एकच. तो मोडलास तर संपलं.’’ बटाट्याचं कसं, कुठूनही फोड कापा, एखादा डोळा येतोच. कळलावीचा जीव टोकावरच्या त्या बारीकशा कोंबात. सोललेल्या कंदाची दोन्ही टोकं नवऱ्याच्या सुरीने उडालेलीच होती, तेव्हा तो पुरला काय आणि जाळला काय, एकच होतं. या दोघांना लाल माती, रेती आणि शेणखत मिसळून चार बोटं खोल आडवं झोपवलं.

मग मी नवशिक्या माणसाने करायची ती चूक केली, रोज पाणी घातलं. एक कुंडी टाकीच्या ओव्हरफ्लोखाली होती, तिला तर दिवसातून दोनदा आपोआप मिळत होतं. तीन आठवड्यांनी उकरून पाहिलं तर कंदाचा चिकट, कुजका लगदा. तीनातला एक उरला. त्याच्या कुंडीकडे मी भीतीने फिरकलेच नाही, आणि बहुधा म्हणूनच तो जगला.

मधल्या काळात मी माहिती गोळा करत सुटले. पुण्यात एक मैत्रीण वनस्पतिशास्त्र शिकवते, तिला विचारलं. ती आधी पाच मिनिटं हसली आणि मग तिने दोन तास वर्ग घेतला. कळलावीचं शास्त्रीय नाव ‘ग्लोरिओसा सुपर्बा’. संस्कृतात ‘लांगली’, म्हणजे नांगरासारखी, हे त्या कंदाच्या आकारावरून. ‘कळलावी’ हे कळा लावणारी म्हणून. बाळंतपणात अडलेल्या बाईसाठी पूर्वी ती वापरत. आयुर्वेदात ती उपविषांत मोडते आणि शुद्ध केल्याशिवाय औषधात घेत नाहीत. तिच्या अंगात, आणि त्यातही कंदात नि बियांत, कोल्चिसिन नावाचं द्रव्य असतं. शिजवून, उकडून, तळून ते जात नाही. ‘‘तुमचा कीस कितीही खरपूस झाला असता तरी काही उपयोग नव्हता,’’ ती म्हणाली. खाल्ल्यावर काही तास माणूस ठीक असतो. मग उलट्या, जुलाब सुरू होतात, अन्नातली विषबाधा वाटावी तसे. पुढच्या दिवसांत ते रक्त, मूत्रपिंड, हृदय सगळीकडे पोचतं. त्यातून वाचलेल्या माणसाचे केस आठ-पंधरा दिवसांनी झडतात. रताळं किंवा कणगर समजून कळलावी खाल्ल्याच्या नोंदी भारतातल्या आणि श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी केलेल्या आहेत. म्हणजे नवरा काही जगावेगळा नव्हता.

युरोपात याच कुळातलं एक फूल बागांतून हौसेने लावतात. ‘कोल्चिकम’. शरदात, पानं नसताना, जमिनीतून एकदम जांभळट फुलं वर येतात, अगदी केशराच्या फुलांसारखी. केशराला पुंकेसर तीन, याला सहा, एवढाच फरक पटकन दिसतो. कोल्चिसिन हे नाव त्याच्यावरूनच पडलं. १८२० मध्ये पेल्तिए आणि काव्हाँतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी ते वेगळं काढलं. तिकडे लोक वसंतात त्याची पानं रानलसूण समजून खातात आणि दवाखान्यात जातात. ही माझ्यासारखी माणसं सगळीकडे आहेत हे ऐकून मला जरा धीर आला.

मैत्रिणीच्या प्रयोगशाळेत मात्र कोल्चिसिन ही रोजची गोष्ट. कांद्याच्या मुळांची टोकं त्यात बुडवली की पेशींचं विभाजन अधल्यामधल्या टप्प्यात थबकतं आणि गुणसूत्रं मोजता येतात. तेच थबकलेलं विभाजन वापरून रोपातली गुणसूत्रं दुप्पट करता येतात, हे १९३७ मध्ये अमेरिकेत ब्लेकस्लीने दाखवून दिलं. बिनबियांचं कलिंगड त्याच वाटेने बाजारात आलं. ‘‘तू उन्हाळ्यात खातेस ना,’’ ती म्हणाली, ‘‘त्याच्या मागच्या पिढीत तुझी कळलावी आहे असं समज.’’ म्हणजे तिचं नव्हे, तिच्या विषाचं काम.

आता नानांकडे येते. नानांना गाउट आहे. अंगठ्याचा सांधा लाल होतो, चादरीचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर मी कधी नजर टाकली नव्हती. मैत्रिणीशी बोलणं झालं त्या संध्याकाळी टाकली. कोल्चिसिन, अर्धा मिलिग्रॅम.

जेवताना हे सांगितलं ही माझी दुसरी चूक. नाना चमचा खाली ठेवून म्हणाले, ‘‘म्हणजे माझं औषध तू गच्चीवर पिकवतेस, आणि मी दर महिन्याला दुकानदाराला पैसे मोजतो?’’ त्यांचा सूर गमतीचा होता, पण डोळ्यांत हिशोब चालू झाला होता. मी घाबरले. अर्धा मिलिग्रॅम म्हणजे मिठाच्या काही कणांइतकं, औषध आणि विष यांच्यातलं अंतर इथे फार थोडं आहे, एका कंदात अशा किती गोळ्या भरतील, त्यात कुठल्या कंदात किती हे कळायला मार्ग नाही, असं मी पोटतिडकीने सांगत राहिले. नवरा म्हणाला, ‘‘उपटून टाक.’’ मी म्हणाले, आईने दिलंय. नाना म्हणाले, झाडाचा काय दोष. नवरा म्हणाला, मग दोष माझा का? रात्री अकरा वाजता आम्ही तिघं तीन खोल्यांत होतो. आई नेहमी म्हणते, कळलावी घराशी लावली की घरात कळी लागतात. आजवर मी ती अंधश्रद्धा समजत होते.

अज्जींना सांगणं भाग होतं. घर त्यांचं, गच्ची त्यांची, आणि त्यांची पाच वर्षांची नात रोज संध्याकाळी गच्चीवर सायकल फिरवते. कोंब तोवर वर आला होता. बोटाएवढा जाड, हिरवा, टोकदार. मी अज्जींना वर घेऊन गेले, कुंडी दाखवली, आणि कानडीत विषारी झाडाचं प्रकरण कसं मांडावं याची जुळवाजुळव करत उभी राहिले. त्यांनी वाकून पानाचं टोक बघितलं. कळलावीच्या पानाचं टोक हे पान नसतंच. ते लांबत जाऊन तारेसारखं गोल वळतं आणि जे सापडेल त्याला विळखा घालतं. आमच्या कोंबाने कपडे वाळत घालायच्या दोरीला धरलं होतं, आणि एका पानाने नानांच्या बनियनच्या कडेला.

‘‘इदु गौरी हूवु अल्वा?’’ अज्जी म्हणाल्या. हे गौरीचं फूल ना?

मी बघतच राहिले. अज्जींचं माहेर मलनाडचं, तीर्थहळ्ळीजवळ. तिथेही हे पावसात कुंपणावर येतं. अग्निशिखे असंही म्हणतात, पण त्यांच्या घरी गौरीचं फूलच. आणि विषारी? ‘‘हो, मग?’’ असा त्यांचा चेहरा झाला. अगदी माझ्या आईसारखा. नातीला बोलावून त्यांनी कुंडी दाखवली, एकदाच म्हणाल्या, ‘‘मुट्टबेडा,’’ म्हणजे हात लावू नकोस, आणि विषय संपला. मी तासभर चर्चेच्या तयारीने गेले होते. तरी मी कुंडी सोलर हीटरच्या मागे हलवली आणि कोंबड्यांची जाळी आणून भोवती बांधली. हातमोजे घालून. अज्जी हसल्या, पण जाळीचं एक टोक त्यांनीच धरलं.

गांधी बाजारातल्या एका फुलवालीलाही शेवटी फोटो दाखवून विचारलं. ती तमिळ. फोटो पाहताच म्हणाली, सेंगांदळ. तमिळनाडूचं हे राज्यफूल, संगम काव्यात याची उपमा स्त्रीच्या बोटांना देतात, हे मला नंतर कळलं. तिने सांगितलं ते वेगळंच होतं. ओट्टनछत्रम, मूलनूर या भागात लोक याची शेती करतात. तारांच्या मांडवावर वेल चढवतात, आणि फुलं विकत नाहीत, बिया विकतात, औषध कंपन्यांना. भाव किलोला हजारांत. फुलाचा स्त्रीकेसर मुळाशीच काटकोनात वळून बाजूला जातो, पुंकेसरांपासून दूर. म्हणून सकाळी बायाबापड्या फूल-फूल फिरून हाताने पराग लावतात. तिच्या बहिणीने हे काम केलंय. ‘‘डोळे दुखतात,’’ ती म्हणाली. तिकडे कंदाचं नावच मुळी ‘कण्वलि किळंगु’, डोळेदुखीचा कंद.

इकडे भाद्रपद आला. बेंगळुरूची गौर आपल्यासारखी गणपतीच्या मागून येत नाही, त्याच्या आदल्या दिवशी, तृतीयेला येते. माझ्याकडे दोन गौरींच्या दोन तारखा होत्या आणि वेल छातीइतका झाला होता. तृतीयेला अज्जींकडे सुपाचं बागिन, म्हणजे वाण, घ्यायला गेले तेव्हा एकही कळी नव्हती. आमच्या गौरी आल्या तेव्हाही नाही. मे महिन्यातलं बेणं रताळ्यांत विसरून आषाढीला लावल्यावर दुसरं काय होणार. तेरडा मिळाला नाही, हात नाहीत. अज्जींनी कनकांबराचा गजरा दिला तो घातला. आईने व्हिडिओवर तिची गौर दाखवली, दोन्ही बाजूंना लालपिवळे हात. मी काही बोलले नाही.

सप्टेंबर हा बेंगळुरूतला सगळ्यात पावसाचा महिना. तो सगळा पाऊस वेलाने घेतला आणि घटस्थापनेच्या सुमारास पहिली कळी दिसली. हिरवी, लांबट, मान खाली घातलेली. मला वाटलं वाळली. दुसऱ्या दिवशी ती उमलली तीही खालीच बघत, पाकळ्या पिवळट हिरव्या. हे काय गौरीचे हात! मग त्याच दिवशी दुपारपासून सहाही पाकळ्या मागे वळायला लागल्या. संध्याकाळपर्यंत त्या पूर्ण उलट्या होऊन आभाळाकडे उभ्या राहिल्या, आणि पुंकेसर खाली चाकाच्या आऱ्यांसारखे पसरले. पाकळीची कड कुरळी, नागमोडी, जशी पापडाची तळताना होते. तळाशी पिवळी, टोकाशी नारिंगी. रोज थोडा थोडा लाल रंग टोकाकडून खाली उतरत गेला. पाचव्या दिवशी फूल जवळजवळ शेंदरी झालं होतं. शेजारी दुसरं नुकतं पिवळं, तिसरं अजून हिरवं. एकाच वेलावर तीन वयाचे हात.

मनगटातून वळवून बोटं वर केलेला हात असतो ना, बांगड्या भरताना धरतात तसा. तो आकार मला तेव्हा दिसला. एवढी वर्षं फुलं नुसती मुखवट्याशेजारी खोचलेली पाहिली होती.

नाना रोज सकाळी काठी टेकत जिना चढून बघायला यायचे. वर आले की हात मागे बांधून उभे राहायचे. त्यांना मी तसं सांगितलं नव्हतं.

सात फुलं आली. दसऱ्याला दोन तोडून देवीच्या फोटोशेजारी ठेवली, उंचावर, आणि निर्माल्य वेगळं काढलं. उरलेल्यांपैकी दोघांनी बोंडं धरली. ती कशी फुटतात हे बघायची मला फार इच्छा होती. आत शेंदरी मण्यांसारख्या बिया असतात. पण तोच शेंदरी मणी पाच वर्षांच्या पोरीला गच्चीवर सापडला तर, हा विचार आल्यावर बोंडं हिरवी असतानाच कापली. किलोला हजारांच्या बिया अशा कापून टाकल्या, हे फुलवालीला सांगितलं नाही.

दिवाळीनंतर वेल पिवळा पडत गेला. या वेळी मी पाणी घातलं नाही. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बुल टेंपलपाशी कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा, भरली. आम्ही पाच शेर भुईमुगाच्या शेंगा आणल्या, नानांनी आठवडाभर त्या फोडल्या, आणि टरफलं मी कुंडीवर पसरली. जानेवारीत हातमोजे घालून, वर्तमानपत्र अंथरून कुंडी पालथी केली. जुना कंद नव्हताच. त्याची नुसती सुरकुतलेली साल उरली होती, आणि तिच्याशेजारी दोन पायांची एक नवी बेचकी, फिकट, गुळगुळीत, आधीच्यापेक्षा मोठी. दोन्ही टोकांना बारीक कोंब. आई म्हणते, मधून हलक्या हाताने वेगळे केले की दोन होतील.

अर्धा सोललेला ज्या कुंडीत पुरला होता तिथेही मी उकरून पाहिलं. काही नव्हतं. काळी माती, एक गांडूळ.

नवा कंद आता कपाटाच्या वरच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात कोरड्या रेतीत आहे. डब्यावर मराठीत आणि कानडीत ‘विष’ लिहिलंय. कानडी अक्षरं अज्जींच्या नातीने काढून दिली, ती नुकतीच शाळेत शिकलीय. नवऱ्याने त्याखाली स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘रताळं नाही’.